विचारलं तर सांगावं

(आषाढी वारी, फलटण मुक्कामी रात्री झालेलं कीर्तन, ध्वनिमुद्रणावरून)



सेवेला घेतलेला अभंग जगद्गुरू श्री तुकोबारायांचा आहे. टाळकऱ्यांनी आत्ताच तो गायला, तुम्ही मागं म्हटला, म्हणून मी पुन्हा म्हणत नाही. काल चांदोबाच्या लिंबाला रिंगण झालं, आज फलटण गाठलं, उद्या बरड. पाय बोलायला लागलेत तुमचे, मला दिसतंय. ज्याला झोप येईल त्यानं खुशाल झोपावं. फक्त घोरू नये, शेजारच्याला ऐकायचं असतं.

महाराजांच्या गाथ्यात आत्मचरित्राचे म्हणून जे अभंग ओळखले जातात, त्यांतला हा. यात महाराजांनी काय सांगितलं? आपली जात सांगितली, धंदा सांगितला, धंद्यात तूट आली तेही सांगितलं. दुष्काळ पडला. इसवी सन १६२९-३० चा तो मोठा दुष्काळ. पहिली पत्नी त्यात भुकेनं गेली. दिवाळं निघाल्याचं तर महाराज आणखी एका अभंगात बोलतात. आता विचार करा. देहूच्या महाजनाच्या घरातला माणूस. ज्यांच्या ओट्यावर लोक उसनं मागायला यायचे, त्यांच्या घरची ही दशा. गावात तोंड दाखवायची चोरी. आणि 'मला लाज वाटली' हेसुद्धा हा माणूस लपवत नाही. अभंगात घालून ठेवतो. साडेतीनशे वर्षं आपण ते टाळमृदंगावर गातोय.

पण ध्रुवपदाकडे लक्ष द्या. कीर्तनकार पुष्कळदा इथून घाईघाईनं पुढं जातात. ध्रुवपदाचा भाव असा, की खरं म्हणजे हे बोलण्यासारखं नाही, पण तुम्ही संतांनी प्रश्न केला, त्याला मान देऊन बोलतो. म्हणजे महाराज देहूच्या बाजारात उभे राहून 'ऐका हो ऐका, माझं दिवाळं निघालं' असं ओरडत गेले नाहीत. ज्यांना विचारायचा अधिकार होता त्यांनी विचारलं, मग सांगितलं. आणि सांगताना आतबाहेर ठेवलं नाही. 'जरा मंदी होती' असं म्हणून वेळ मारून नेली नाही.

बोला, विठ्ठल विठ्ठल.

दुसरं उदाहरण वाल्याचं. वाल्या कोळी म्हटलं की तुम्हाला रांजणातले खडे आठवतात, नारदमुनी आठवतात. आपल्या कीर्तनांत तसंच सांगतात, चुकीचं नाही. पण अध्यात्मरामायण उघडा. अयोध्याकांडात प्रभू रामचंद्र वनवासाला निघालेत, वाल्मीकींच्या आश्रमात येतात, आणि विचारतात, आम्ही कुठं राहावं? प्रश्न एवढाच होता. वाल्मीकी राहायची जागा तर सांगतातच, पण त्याबरोबर आपली मागची सगळी हकीकत रामाला सांगतात. मी किरातांत वाढलो, चोऱ्या केल्या, वाटेत सप्तर्षींना अडवलं. हो, त्या ग्रंथात नारद नाहीत, सात ऋषी आहेत. समोर राम, सीता, लक्ष्मण. एवढा मोठा ऋषी, आणि आलेल्या पाहुण्यांपुढं स्वतःची चोरी काढतो. का? नामाचा महिमा सांगायचाय म्हणून. मी कुठला आणि नामानं कुठं आणला, हे सांगायचं तर 'कुठला' हे सांगावंच लागतं.

इथं एक सावध राहा. वाल्मीकींनी सांगितलं म्हणून उठसूट सांगत सुटणारेही असतात. दारू सोडून सहा महिने झालेत, आणि पारावर बसून रंगवून सांगतो, 'अरे, आम्ही काय प्यायचो! दोन-दोन खंबे एका बैठकीत!' ऐकणाऱ्या पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्याला कबुली म्हणू नका. ती जुन्या बाटलीचीच आरती चालली आहे.

आता ज्यासाठी हा अभंग घेतला ते सांगतो.

आपल्या वारीत येणारा एक माळकरी आहे. नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही. या मंडपात आहे की नाही, तेही सांगणार नाही, तेव्हा माना वळवून शोधू नका. त्याला विचारून, त्याच्या परवानगीनं सांगतोय. टेम्पो चालवायचा. कामाला वाघ, पण संध्याकाळ झाली की पाय आपोआप गुत्त्याकडं. एका रात्री पिऊन टेम्पो चालवत होता, रस्त्याकडेला केळीवाल्याची हातगाडी उभी, तिला धडकला. केळीवाल्याचा पाय मोडला. पोलीस आले, तपासणी झाली, अटक झाली. रात्र कोठडीत काढली, सकाळी जामीन. पुढं कोर्टात गुन्हा कबूल केला. दंड झाला, आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मागच्या बाकावर बसला होता. मला म्हणाला, 'महाराज, कोठडीपेक्षा तो बाक जड गेला. समोर केळीवाल्याची बायको बसली होती, पदरानं डोळे पुसत.'

त्यानंतरही सुटली नाही हो लगेच. लोकांना वाटतं, एवढं झालं, आता सुटेलच. तशी ती सुटत नाही. दारूचं व्यसन हा आजार आहे. नुसती शपथ घातली, देवळात नेऊन हात ठेवायला लावला, की आजार बरा होतो का? मधुमेहवाल्याला शपथ घालून साखर उतरते का? आणि जुन्या पिणाऱ्यानं एकदम घरच्या घरी बंद केली तर हातपाय थरथरतात, फिट येते, जीवावर बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तुमच्यापैकी कितीतरी घरांतली माणसं तिथं जाऊन आलेली असतील. आपला हा माळकरी असाच एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, बाहेर आला, एकदा घसरला, परत गेला. आता अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठकीला जातो. पहिलं वर्ष कोरडं निघालं तेव्हा माळ घातली.

आणि मग नोकरीचा प्रश्न आला.

टेम्पो तर गेलाच होता. कोणीतरी सांगितलं, एका कंपनीच्या गोदामात जागा आहे, माल उतरवून घ्यायचा, नोंद ठेवायची, पगार बरा आहे. मुलाखत झाली, पसंत पडला. मग हातात फॉर्म दिला. नाव, पत्ता, शिक्षण, सगळं भरलं. शेवटच्या पानावर तीन प्रश्न. तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर एखादा खटला चालू आहे काय? तुम्हाला न्यायालयानं शिक्षा केली आहे काय? पुढं दोन चौकोन, होय आणि नाही.

'उद्या भरून आणतो' म्हणून फॉर्म घरी आणला. घरी चुलतभाऊ बसलेला. तो म्हणाला, 'येड्या, नाही लिही. दुसऱ्या जिल्ह्यातली भानगड, कोण बघतंय? दंड भरलास ना? मिटलं.' बायको काही बोलली नाही. भाकरी थापत होती, थापत राहिली.

तो माझ्याकडे आला. आणि त्यानं जो प्रश्न केला तो मोठा अवघड होता. म्हणाला, 'महाराज, माळ घातली. चंद्रभागेत स्नान केलं. तुम्हीच कीर्तनात सांगता, नामानं पापाचे डोंगर जळतात. मग माझं जळलं की नाही? जळलं असेल तर "नाही" लिहिलं तर खोटं कसं?'

बघा, माणूस किती हुशार असतो. खोटं बोलायला वेदान्त वापरतो!

मी त्याला म्हटलं, बाबा रे, वह्या दोन आहेत. एक चित्रगुप्ताची, एक पोलीस ठाण्याची. चित्रगुप्ताच्या वहीतलं नामानं पुसलं जातं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे, नाहीतर मी ही वीणा गळ्यात घातली नसती. पण ठाण्याची वही वेगळ्या कारकुनाकडे आहे. तिथं तारीख, वेळ, कलम, पंचनामा. पांडुरंगानं तुला जवळ केलं म्हणून केळीवाल्याचा पाय मोडलाच नव्हता असं होत नाही. अटक झाली होती का, असं त्या कागदानं विचारलंय. तू आता चांगला आहेस का, असं विचारलेलं नाही. झाली होती. मग उत्तर एकच.

आता आपल्या दिंडीत एक वकीलसाहेब आहेत. फिर्यादीपेक्षा फुगडी बरी खेळतात. त्यांना मी विचारलं, त्यांनी कागदावर लिहून दिलंय, ते तुम्हाला सांगतो, कारण असे प्रश्न पुष्कळ घरांत आहेत आणि लोक ऐकीव गोष्टींवर चालतात.

पिऊन गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली की लागू. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंड पूर्वी दोन हजारांपर्यंत होता, २०१९ पासून दहा हजार झाला. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि पंधरा हजारांचा दंड, यातलं एक किंवा दोन्ही. इथवर तुम्हाला माहीत असेल. पण पुढचं ऐका. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला, याचा अर्थ 'मिटलं' असा नाही. ती दोषसिद्धीच असते. सिग्नलला पावती फाडली तसं ते नाही. म्हणजे फॉर्मवर 'शिक्षा झाली आहे काय' असा प्रश्न असेल तर दंड भरलेल्यालाही 'होय'च लिहावं लागतं. आणि प्रश्न शब्दाशब्दानं वाचायचा. अटक वेगळी, खटला वेगळा, शिक्षा वेगळी. एखाद्याला अटक झाली आणि पुढं तो निर्दोष सुटला, त्याला 'शिक्षा झाली का' याचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण 'अटक झाली होती का' याचं उत्तर 'होय', आणि त्यापुढं 'निर्दोष सुटलो' हे लिहून निकालाची नक्कल जोडायची.

सर्वोच्च न्यायालयात २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत संघ असा निकाल झाला. तीन न्यायमूर्तींनी दिलेला. पडताळणीच्या फॉर्ममध्ये लोक जुनी केस लपवतात, मग नोकरी जाते, त्यावरचा हा निकाल. त्यात सांगितलंय की दिलेली माहिती खरी असली पाहिजे, काही दडवता कामा नये. जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगायची उमेदवारावर जबाबदारी आहे. गुन्हा किरकोळ असेल तर ठेवणारा सगळं पाहून दुर्लक्षही करू शकतो. आणि खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच हवी अशी सक्ती त्याच्यावर नाही, माणसाचा मागचा इतिहास विचारात घ्यायचा हक्क त्याला आहे. हा निकाल मुख्यतः सरकारी भरतीतला. खासगी कंपनीत तिचे नियम, तुमचा करार. पण सांगायची रीत तीच.

आता मजा पाहा. न्यायालयानं २०१६ साली जे सांगितलं, ते तुकोबांच्या ध्रुवपदाशी किती जुळतं! विचारलं तर सांग. विचारलं तेवढं पूर्ण सांग. न्यायमूर्तींनी गाथा वाचली होती असं मी म्हणत नाही हं, उगाच वर्तमानपत्रात छापाल.

मी त्या माळकऱ्याला पकडले जाण्याची भीती घातली नाही. घालता आली असती. आता ठाणी संगणकानं जोडलीत, दुसऱ्या जिल्ह्यातलंही दिसतं. पण भीतीनं खरं बोलणारा माणूस भीती गेली की खोटं बोलतो. मी त्याला वेगळंच विचारलं. म्हटलं, पीत होतास तेव्हा बाटली कुठं ठेवायचास?

तो हसला. मग एकेक जागा सांगायला लागला. कडब्याच्या गंजीत. टेम्पोच्या सीटखाली, जॅकच्या पिशवीत. विहिरीच्या मोटरपेटीत. एकदा तर ज्वारीच्या कणगीत. बायकोनं दाणे काढायला हात घातला आणि चपटी हाताला लागली. त्या रात्री घरात ज्वारी दळली गेली नाही, म्हणाला.

आणि ती सापडल्यावर काय म्हणालास? 'माझी नाही म्हणालो. गड्याची असेल म्हणालो.'

इथं बसलेल्या माय-बहिणींना हे वेगळं सांगायला नको. दारूडा पितो त्याचं दुःख एकपट, खोटं बोलतो त्याचं दहापट. पगार झाला नाही. मित्राचा बाप वारला, म्हणून उशीर झाला. थोडीशीच घेतली, सर्दी होती. बायको वीस वर्षं हे ऐकते, आणि शेवटी तिला 'आज पाऊस पडतोय' म्हटलं तरी ती खिडकीतून हात बाहेर काढून बघते. पिणाऱ्या माणसाचा हात दारू सोडल्यावरही लपवायला शिवशिवत असतो. लपवायला दारूच लागते असं नाही. उसने घेतलेले शंभर रुपये पुरतात, फॉर्मवरचा एक चौकोनही पुरतो.

मी म्हटलं, बाबा, तू त्या चौकोनात 'नाही' लिहिलंस, की कणगीत चपटी ठेवलीस असं समज. आता रोज ती सांभाळावी लागेल. कामावर कोणी नव्या माणसानं 'तुला कुठंतरी पाहिलंय' म्हटलं की पोटात गोळा. पडताळणीचा कागद आला का, साहेबांनी का बोलावलं, दोन माणसं कुजबुजतायत ती माझ्याविषयीच का. आणि पोटात असा गोळा आला की त्यावरचं एकच औषध तुझ्या शरीराला माहीत आहे. ते औषध कुठं मिळतं, तेही माहीत आहे. पगार मिळेल, पण तो पगार गुत्त्यात जायला किती महिने लागतील?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आणि खरं लिहिलं आणि नोकरी गेली तर? पोरीची फी आहे.'

मी त्याला 'पांडुरंग पाहून घेईल' असं म्हटलं नाही. फी पांडुरंग भरत नाही, बापच भरतो. म्हटलं, जाईल कदाचित. ते धरून चाल. पण काय सांगायचं ते आधी नीट ठरव, कारण खरं बोलायलाही तयारी लागते. खोटं तोंडपाठ असतं, खरं पाठ नसतं.

मग वकीलसाहेब आणि तो बसले. कोर्टातून निकालाची प्रमाणित नक्कल काढली. दंडाची पावती जोडली. केंद्रातून उपचार पूर्ण केल्याचा कागद घेतला, तोही फक्त गरज पडली तर दाखवायला. आणि काय बोलायचं ते पाच-सहा वाक्यांत बसवलं. त्यानं ते माझ्यापुढं म्हणून दाखवलं. अमुक साली पिऊन गाडी चालवताना अपघात केला, एक माणूस जखमी झाला, मला अटक झाली. कोर्टात गुन्हा कबूल केला, ही शिक्षा झाली, ती भोगली, हे कागद. त्यानंतर उपचार घेतले, इतके महिने दारूला शिवलो नाही, दर आठवड्याला बैठकीला जातो. गाडी चालवायचं काम मी मागत नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा.

झालं. एवढंच. त्यात दोष हवालदाराला नाही, अंधाराला नाही, केळीवाल्यानं गाडी वळणावर लावली होती असंही नाही. पहिल्या खेपेला त्यानं ते घातलं होतं बरं का! वकीलसाहेबांनी खोडलं. रडणंही नाही, 'पाया पडतो साहेब' नाही. आणि बायको माहेरी गेली होती, भावाशी मारामारी झाली होती, ही घरची धुणीही नाहीत. कंपनीनं अटक विचारली होती, घरातली भांडणं विचारली नव्हती. विचारलेलं पूर्ण सांगायचं, न विचारलेलं आपल्यापाशी ठेवायचं.

फॉर्म दिला. दोन दिवसांनी निरोप आला, जागा भरली.

इथं तुम्ही टाळी वाजवायच्या तयारीत होतात, मला माहीत आहे. कीर्तनातली गोष्ट म्हणजे खरं बोलला की साहेबांनी गळ्याशी धरलं पाहिजे. तसं झालं नाही. चुलतभाऊ म्हणाला, 'घे, खा आता तुझं खरं.' पोरीची फी थकली. बायकोनं कानातलं मोडलं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला फसवलं असं होईल.

पण त्या रात्रीचं त्यानं मला जे सांगितलं ते ऐका. निरोप आला संध्याकाळी. गुत्ता रस्त्यातच होता. पाय थांबले. आणि त्याच्या लक्षात आलं की नोकरी गेली याचं दुःख आहे, पण पोटात गोळा नाही. कोणापासून काही लपवायचं नाही. सायकल तशीच पुढं काढली, बैठकीला गेला, तिथं सगळं बोलला, घरी येऊन जेवला. बायकोनं विचारलं, काय झालं? 'नाही म्हणाले.' तिनं खिडकीतून हात काढून पाहिला नाही हो. ऐकलं आणि वाढलं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं बोलणं तिनं पडताळून न पाहता खरं धरलं.

बोला, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल.

पुढं तीन महिन्यांनी दुसरीकडे काम मिळालं, पहिल्यापेक्षा कमी पगाराचं. तिथंही फॉर्म होता, तिथंही त्यानं तेच सांगितलं. मालकांनी कागद पाहिले आणि एकच प्रश्न केला, त्या केळीवाल्याचं पुढं काय झालं? याला ते माहीत होतं. कारण केंद्रातून आल्यावर हा त्याच्याकडे गेला होता. एकटा गेला नाही, आधी मधल्या माणसाकरवी विचारलं, येऊ का? कारण आपल्याला क्षमा मागायची घाई असते, समोरच्याला आपलं तोंडसुद्धा बघायचं नसेल. अनॉनिमसवाल्यांची बारा पावलं आहेत, त्यातल्या नवव्या पावलात हेच सांगितलंय, की ज्यांचं नुकसान केलं त्यांची भरपाई करा, पण त्यांना आणखी त्रास होणार असेल तर नको. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्या माणसांनी एकमेकांना धरून ही चळवळ सुरू केली, आणि आपल्या संतांना जे माहीत होतं तेच त्यांना सापडलं, असं मला वाटतं. केळीवाला म्हणाला, ये. हा गेला. दवाखान्याचे उरलेले पैसे हप्त्यांनी देतो म्हणाला, आणि देतो. केळीवाल्यानं माफ केलं का? त्यानं तसं काही म्हटलं नाही. हप्ता घेतो, चहा देतो.

या मंडपात दुकानदार आहेत, कारखान्याचे लोक आहेत, दोन-चार गाड्यांचे मालक आहेत. तुमच्याकडे असा माणूस आला, त्यानं स्वतःहून कागद पुढं केला, तर काय कराल? लगेच गाडीची किल्ली द्या असं मी म्हणणार नाही. शाळेची पोरं बसणारी गाडी असेल तर मुळीच देऊ नका. दुसऱ्याच्या लेकरांवर आपण आपलं मोठं मन दाखवायचं नसतं. पण किती वर्षं झाली, काय काम आहे, मधे हा माणूस काय करत होता, एवढं तरी विचारा. आणि नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, पण त्यानं सांगितलेलं चहाच्या टपरीवर नेऊ नका. तो तुमच्या कानात बोलला होता. ते तुम्ही गावाला ऐकवलंत, तर पुढचा माणूस चौकोनात 'नाही' लिहील, आणि त्यात तुमचाही वाटा असेल.

आणि बायाबापड्यांनो, घरातला कोणी सावरत असेल, त्याच्या हातात असा फॉर्म आला, तर रात्री अकरा वाजता त्यावर चर्चा काढू नका. सकाळी काढा. त्याच्या समुपदेशकाला विचारा, बैठकीतल्या जुन्या माणसाला विचारा, एखाद्या वकिलाला कागद दाखवा, कारण प्रत्येकाची केस वेगळी. माझ्या कीर्तनावर विसंबून सही करू नका.

साडेदहा वाजत आले. चोपदार बुवा माझ्याकडे बघतायत, त्यांचा अर्थ मला कळतो. पहाटे पालखी हलेल. ज्यांना व्यसनमुक्तीसाठी कुणाला भेटायचं आहे त्यांनी आरतीनंतर मंडपाच्या उजव्या बाजूला, पाण्याच्या टँकरपाशी थांबा. दोघं जण तिथं बसलेले असतील, दोघंही त्या वाटेनं जाऊन आलेले. नाव विचारणार नाहीत.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.